भरल्या कोठीचं वजन

अमरावती
नागपंचमीनंतरचा रविवार

ती. लीलाताईंच्या पायांशी (उजव्या गुडघ्याला धक्का न लावता) संध्याचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हो का’ म्हणता आणि मला पुढचं काही सुचत नाही. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की अवघड गोष्ट नेहमी लिहून कळवावी, म्हणजे समोरच्या माणसाला रागवायच्या आधी शेवटपर्यंत वाचावं लागतं. (तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नका.)

गुडघा कसा आहे? गरम वाळूचा शेक घेता ना? अकोल्यात पाऊस झाला म्हणतात, पण नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते कोणी सांगत नाही, म्हणून विचारते. सोहमचा क्लास सुरू झाला असेल, त्याला आशीर्वाद. मुरलेल्या लिंबाची बरणी तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. शुभंकर पुण्याहून आला की दोन घास काढून नेतो, पण मी ती आता मागच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्याआड ढकलली आहे.

आता मुद्द्याचं. महादेवभाऊजींनी तुम्हाला सांगितलंच असेल की वहिनी त्रेसष्टाव्या वर्षी जिममध्ये जाऊन लोखंड उचलते. ते खरं आहे. ती पोरांसारखी पँट घालते, असंही त्यांनी सांगितलं असेल. तेही खरं आहे, फक्त वरून गुडघ्यापर्यंतचा कुडता असतो. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, हे त्यांचं स्वतःचं मत आहे. तुमचं मत मला अजून कळलेलं नाही आणि या घरात अजून तुमचंच मत शेवटचं असतं, म्हणून हा पसारा पहिल्यापासून लिहिते.

हे गेले त्या वर्षी, वर्षाच्या आत म्हणून, महालक्ष्म्या बसवल्या नाहीत. गेल्या भाद्रपदात पुन्हा बसवायच्या ठरल्या. शुभंकर आणि मैथिली पुण्याहून आली, पूजा मुलासुनेच्याच हातची, त्यात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. प्रश्न आला तो कोठ्यांचा. आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगणार, पण पत्र आहे तर लिहिते. धान्याच्या खोलीत पत्र्याच्या दोन्ही कोठ्या ठेवायच्या, ज्येष्ठेची गव्हानं आणि कनिष्ठेची तांदळानं काठोकाठ भरायची, मग घरच्या पुरुषानं एकेक उचलून, मधे कुठंही न टेकवता, समोरच्या खोलीत मखरात नेऊन ठेवायची. त्यावर मग साड्या, दागिने, मुखवटे. तुमचा भाऊ मोरू हे काम छत्तीस वर्षं करत होता. वकिली करणाऱ्या माणसानं वर्षभरात उचललेली सगळ्यात जड वस्तू तीच. (बाकी वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा मीच उचलत असे.)

तर गेल्या वर्षी भाऊजींनी बाह्या सारल्या. शुभंकर पुढं झाला होता, पण त्याची पाठ संगणकानं केव्हाच खाल्ली आहे, मैथिलीनं डोळ्यांनीच त्याला मागं घेतलं. भाऊजींनी ज्येष्ठेची कोठी उचलली, चार पावलं नीट टाकली आणि पाचव्याला त्यांच्या कमरेनं जो काही आवाज केला तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. न टेकवण्याची रीत असल्यामुळे ते टेकवेनात, आणि कंबर धरल्यामुळे त्यांना पुढंही जाता येईना. त्या अवस्थेत ते ‘कुणीतरी काहीतरी करा’ असं कोठीच्या आतून आल्यासारख्या आवाजात म्हणाले. शेवटी आम्ही तिघांनी मिळून देवीला आणि भाऊजींना, या क्रमानं, सोडवलं. पुढचे तीन दिवस देवी मखरात उभी होती आणि भाऊजी दिवाणावर काटकोनात होते. सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या पोळ्या, सगळं त्यांनी कुशीवर वळून व्यवस्थित घेतलं. तुम्ही गुडघ्यामुळे आला नव्हतात, म्हणून हे दृश्य हुकलं.

तिसऱ्या दिवशी विसर्जनानंतर त्यांनी दिवाणावरूनच सांगितलं की पुढच्या वर्षापासून महालक्ष्म्या अकोल्याला त्यांच्याकडे येतील. ‘इथं आता घरात पुरुषमाणूस नाही, कोठ्या उचलणार कोण?’ सगळ्यांनी माना हलवल्या. पोळी वाढता वाढता मीही हलवली.

ताई, त्या मान हलवण्याबद्दलच लिहायचं आहे मला. अकोल्याला भाऊजींच्या घरीसुद्धा कोठ्या कोण उचलणार, हे कुणी विचारलं नाही. त्यांची कंबर तर तीच होती. म्हणजे कारण वजनाचं नव्हतं. खरं कारण काय ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर बोलायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून वजनाचं कारण धरलं होतं. माणसं वाईट नाहीत. मला दुखवायचं नव्हतं त्यांना. पण मला तुम्ही आठवलात. आमचे दाजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही आपल्याकडे आला होतात आणि तिन्ही दिवस मागच्या दाराशी नारळ खवत बसला होतात. कुणी तुम्हाला तिथं बसा म्हणालं नव्हतं, आणि समोर या असंही कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तेव्हा चांगल्या साडीत इकडून तिकडं मिरवत होते. किती नारळ खवलेत तुम्ही! एवढं खोबरं लागत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की माणसांनी जे कारण तोंडानं सांगितलं आहे तेवढंच आपण दूर करायचं. वजन उचलायचं. मग उरलेलं कारण ज्याला सांगायचं असेल त्यानं ते मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत सांगावं. माझा अंदाज आहे की कुणी सांगणार नाही.

दिवाळी झाल्यावर गाडगेनगरकडच्या रस्त्यावर एक जिम आहे तिथं गेले. अमरावतीत व्यायामाचं वेड जुनं, पण माझा आजवरचा त्याच्याशी संबंध म्हणजे आखाड्यावरून जाताना मान खाली घालणं एवढाच. मालकांनी ‘काकू, योगासनांची बॅच वरच्या मजल्यावर’ असं मी काही बोलायच्या आधीच सांगितलं. मी म्हटलं, वजनं उचलायची आहेत. त्यांनी मग एक अर्ज दिला. त्यात व्यायामाचा हेतू विचारला होता आणि पुढं चौकोन होते. पुरुषांच्या अर्जात ताकद, छाती, दंड, स्पर्धा वगैरे. बायकांच्या अर्जात वजन कमी करणे, लग्नाआधी, बाळंतपणानंतर, आणि मन प्रसन्न ठेवणे. (मी दोन्ही अर्ज मागून वाचले. इतकी वर्षं वकिलाचा संसार केल्यावर सही करण्याआधी वाचायची सवय लागते.) ताकद हवी असं लिहायला बायकांच्या अर्जात जागा नव्हती, म्हणून मी समासात लिहिलं: ‘एकतीस किलो, अकरा पावलं’. मालकांनी ते वाचून मला दोन गुलाबी डंबेल्स दिली. एकेक किलोची. माझी पर्स त्याहून जड होती.

आणि मग तिथं प्राजक्ता भेटली. वलगावची शेतकऱ्याची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, वजन उचलण्याच्या स्पर्धेत राज्यात बक्षिसं मिळवलेली. ती दुपारची बायकांची बॅच घेते. तिनं गुलाबी डंबेल्स माझ्या हातातून घेऊन खिडकीत ठेवली (खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं ती रोजच असतात) आणि म्हणाली, ‘काकू, तुमाले काय उचलाचं हाय थे सांगा आदी. कोनाचे हात वर होते, कोनाचे नाई, थे मंग पाहू.’ मी सगळं सांगितलं. तिनं मला दोन प्रश्न विचारले. पहिला, कोठीचं वजन मोजलं आहे का? ते मी मोजलं होतं, रिकामी सात किलो आणि गहू चोवीस. तांदळाची दोन किलोनं जास्त. दुसरा प्रश्न मी तुम्हाला नंतर सांगेन, धीर झाला तर.

पहिले दोन महिने मी नुसती खुर्चीवरून उठत आणि बसत होते. हात न टेकवता. हसू नका, करून पाहा. मग पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून उठणं, मग दहाची. संक्रांतीनंतर तिनं मला लोखंडी दांडीपाशी उभं केलं. पाठ सरळ, गुडघ्यातून खाली, दांडी पायाला घासून वर. पहिल्यांदा ती जमिनीवरून सुटली तेव्हा, ताई, मला रडू आलं. प्राजक्ता घाबरली, ‘लागलं काय वो?’ मी म्हटलं, नाही. तिला काय सांगणार? साठ वर्षं अंगाला मी फक्त नीटनेटकं ठेवत आले, त्याला कधी काही विचारलं नव्हतं. विचारल्यावर ते हो म्हणालं.

बॅचमधल्या बायका चांगल्या आहेत. पण प्रत्येकीजवळ इथं येण्याचं एक कारण असतं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. एकीला मुलीच्या लग्नात फोटोत बारीक दिसायचं आहे, एकीला नवरा काहीतरी बोलला, एकीला सासूबाईंना उचलून बसवावं लागतं. मला स्वतःला बळकट व्हावंसं वाटतं, असं एकीनंही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. शेजारी विचारलं तर मी सरळ ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणते. हाडांसाठी. काय चमत्कार आहे पाहा, तेवढं म्हटलं की तोंडावरचं आश्चर्य जाऊन तिथं सहानुभूती येते. बाईनं औषध म्हणून काहीही केलेलं चालतं. (मागाहून मी खरंच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करा, उत्तमच आहे. म्हणजे आता तो खोटेपणाही राहिला नाही.) आणि भीती सगळ्यांना एकाच गोष्टीची: दंड येतील, पुरुषासारखं दिसेल. प्राजक्ता बिचारी दिवसातून दहादा सांगते, ‘दंड काय लाटरी हाय काय बाई, अशी बसल्या बसल्या लागाले? मले दहा वर्षं लागले.’ मला मात्र श्रावणात शिंप्यानं माप घेताना सांगितलं, ताई, बाही अर्धा इंच सैल करावी लागेल. मी त्याला दोनदा मोजायला लावलं. तुम्हाला सांगते, लग्नात शालू मिळाला तेव्हासुद्धा मी दुकानातून अशी बाहेर पडले नव्हते.

यावरून आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या सिस्टर बेनेडिक्टा आठवतात. केरळच्या, ठेंगण्या, करड्या डोळ्यांच्या. आम्हा मुलींना डोक्यावर जाड शब्दकोश ठेवून व्हरांड्यात चालायला लावत. पाय जवळ, हनुवटी वर, आवाज खाली. जिन्यावरून धावलं तर शिक्षा. आणि जूनमध्ये आम्ही सुटीहून परत आलो की त्याच सिस्टर फाटकाशी रिक्षातून आमच्या लोखंडी ट्रंका उतरवून, एका वेळी दोन, वरच्या मजल्यावर नेत. एकदा मी विचारलं, सिस्टर, तुम्हाला इतकं बळ कुठून आलं? त्या जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, बळ? हे तर काम आहे. त्या वेळी मला ते उत्तर फार नम्र वाटलं होतं. आता वाटतं, त्या बाईला कुणी कधी सांगितलंच नाही की ती बलवान आहे. आणि शब्दकोश घेऊन आम्ही जे चालत होतो त्यालाच त्या व्यायाम म्हणत.

गोदाबाईंनी तर ते मला डोळ्यांसमोर दाखवलं. गोदाबाई म्हणजे प्राजक्ताची आई. बडनेऱ्याला लग्नाला जाताना मुलीसाठी शेतातल्या शेंगा घेऊन त्या एका दुपारी जिममध्ये आल्या. नऊवारी, पायात धूळ, टोपली काखेत. मी तेव्हा तीस किलोची दांडी उचलून परत खाली ठेवत होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

‘बाई, हे कुठी न्याचं हाय?’

मी म्हटलं, कुठंच नाही.

‘मंग उचलून काहून राह्यली?’

‘परत ठेवायला.’

त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मला कसंतरीच झालं. मग मी दमून बसले तर त्यांनी टोपली ठेवली, पदर खोचला आणि ती दांडी, वजनांसकट, अंगणातली बाज सरकवावी तशी उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. का, तर त्यांना खाली बसून शेंगा निवडायच्या होत्या आणि ती वाटेत होती. प्राजक्ता कपाळाला हात लावून म्हणाली, ‘माय, लाजवून राह्यली तू मले.’ गोदाबाई म्हणाल्या, ‘त्यात काय लाजाचं? कापसाचं गाठोडं याच्याहून भारी रायते. त्याच्यावर थो पत्रा नसते नंबरचा.’

मी त्या दिवशी पुढचे सेट केले नाहीत. शेंगा निवडल्या. कापूस वेचून डोक्यावर गाठोडी घेऊन बांधावरून चालणाऱ्या बायका मी जन्मभर रस्त्यानं पाहत आले. नाजूक जात म्हणून आम्हाला जे शिकवलं त्यात या कुठं होत्या? आणि पुरुषमाणूस नाही म्हणून कोठ्या अडल्या असं ज्या खोलीत ठरलं, त्याच घरात गव्हाची पोती आणून टाकणारीही बाईच होती. ते काम होतं. बळ लागतं ते फक्त मिरवून न्यायच्या वेळी.

तर परवा, श्रावणातल्या शुक्रवारी, घरात कुणी नसताना मी माळ्यावरून ज्येष्ठेची कोठी उतरवली. पुसली. गव्हानं भरली. धान्याची खोली ते मखराची जागा, वाटेतलं सगळं बाजूला केलं. आणि गुडघ्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून, उचलली.

ताई, दांडी वेगळी आणि कोठी वेगळी. कोठीला धरायला काही नाहीच. तिला मिठीच मारावी लागते आणि गाल पत्र्याला टेकवावा लागतो, नाहीतर समोरचं दिसत नाही. हे छत्तीस वर्षं तशीच न्यायचे, डोळे अर्धे मिटून, गाल लावून, आणि कानाच्या पाळीला गव्हाचा भुसा. मला वाटायचं, किती भक्ती आहे या माणसाची! दुसरा काही उपायच नव्हता त्यांना. मी वाटेतच हसायला लागले आणि हसताना कोठी उचलून धरणं फार कठीण असतं, हे प्राजक्तानं शिकवलं नव्हतं. पण नेली. अकरा पावलं. कुठंही टेकवली नाही.

पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही. महादेवभाऊजींना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात एवढंच आहे की कोठ्या उचलायची सोय झाली आहे, तेव्हा महालक्ष्म्या इथंच बसतील, त्यांनी सहकुटुंब जेवायला यावं, दिवाणावर नवी गादी घातली आहे. उत्तर आलेलं नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा. तुम्ही अकोल्याला म्हणालात तर मी कोठ्या माझ्या हातांनी टेम्पोत चढवून देईन, भरलेल्या, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

सोहमला पुन्हा आशीर्वाद. गुडघा सांभाळा.

तुमची
संध्या

ता. क. — प्राजक्ताचा दुसरा प्रश्न राहिला. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘काकू, कोठी रिकामीच मखरात नेली अन् तिथंच वाटीवाटीनं गहू भरले तर नाई चालत काय?’ मी म्हटलं, रीत आहे. नऊ महिने झाले, मला त्याला दुसरं उत्तर सापडलेलं नाही. सात किलो तर मैथिलीची धाकटीही उचलेल. म्हणजे कुणा पुरुषाची गरज कधी नव्हतीच, आणि खरं पाहता माझ्या जिमचीही नव्हती. हे कृपा करून भाऊजींना सांगू नका. त्यांच्या कमरेला सहन होणार नाही. आणि मी जिम सोडणार नाही. पुढच्या महिन्यात पस्तीस किलो आहे.

ता. क. दुसरा — पुढं काय झालं, ते. मखराच्या जागेपाशी पोचले आणि कोठी कुठं ठेवायची ते मला कळेना. छत्तीस वर्षं ते कोठी धरून उभे असायचे आणि मी दारात उभी राहून सांगायची, जरा डावीकडे, अजून थोडं, हं, बस. ते माझं काम होतं. शुक्रवारी कोठी मी धरली होती आणि दारात कुणी नव्हतं. मी उगाच तशीच उभी राहिले. शेवटी कुठंतरी ठेवली. वाकडी बसली होती.

तेव्हा, ताई, तुम्ही या. दोन दिवस आधी. बडनेऱ्याला उतरा, मी घ्यायला येते, तुमची बॅग मी घेईन. नारळ मी आधीच खवून ठेवणार आहे. मागच्या दाराचा पाट माळ्यावर टाकला आहे. समोरच्या खोलीत, मखराच्या ऐन पुढं, तुमच्यासाठी हातांची खुर्ची मांडते. तिथं बसून तुम्ही डावीकडे म्हणायचं. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. तुम्ही म्हणेपर्यंत मी कोठी खाली ठेवणार नाही, म्हणून सकाळची गाडी चुकवू नका.